सिंकखालचा दोर

अरुंधतीनं पितळी पातेलं सिंकमध्ये ठेवलं आणि सिंक दोन बोटं खाली बसलं.

आवाज काही फार झाला नाही. म्हातारं माणूस पाटावर टेकताना हुंकारतं, तेवढाच. पण अरुंधतीनं आधी दाराकडं पाहिलं. सासूबाई देवघरात होत्या, घंटी वाजत होती. मग तिनं पातेलं अलगद उचललं, पदर खोचला आणि ओट्याखालचा फुलाफुलांचा पडदा सारून आत डोकावून पाहिलं. ओट्याची दगडी फरशी आणि तिच्याखाली लटकवलेलं पांढरंशुभ्र सिंक यांच्यामध्ये चांगली फट पडली होती. फटीतून खिडकीतला उजेड दिसत होता.

आता, सिंक फरशीवर न बसवता खालून का लटकवलं होतं, असं विचाराल तर ती अक्कल अरुंधतीच्या नवऱ्याची, शरदचंद्राची. त्यानं ते कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यावर पाहिलं होतं. "काठच नाही! वरून फडकं मारलं की पाणी सीधं आत!" असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. गवंड्यानं बिचाऱ्यानं विचारलं होतं, "बाबूजी, नीचे से टेका?" त्यावर शरदचंद्र म्हणाला, "सिमेंट आहे ना! टेका दिला तर शोभा काय राहिली?" तेव्हा सिंक शोभेवर उभं होतं, आणि आता शोभा दमली होती.

एरवी यात रडण्यासारखं काही नव्हतं. पण तुकोगंजातल्या वाबळ्यांच्या घरात हा उभा ओटा सुखासुखी आलेला नव्हता. द्वारकाबाईंचं मत स्पष्ट होतं, की बसून केलेला स्वयंपाक अंगी लागतो, उभ्यानं होतो तो भंडारा. अरुंधती मुलींच्या शाळेत सातवीला भूगोल शिकवायची. सकाळची शाळा. चूल, मोरी, पाट असं उठबस करत स्वयंपाक उरकून शाळा गाठणं तिला जमेना, म्हणून ओट्याची टूम निघाली. द्वारकाबाई शेवटी दसऱ्याला हो म्हणाल्या, पण चारचौघांत, खणखणीत अट घालून.

"हे तुमचं उभं प्रकरण उभं आहे तोवर शाळा. ज्या दिवशी ते बसलं, त्या दिवशी मोरी परत, पाट परत, आणि शाळेला रामराम. मग मला म्हणायचं नाही."

अरुंधती कबूल झाली होती. शाळा म्हणजे तिचा जीव की प्राण. फळ्यावर नर्मदा काढताना तिला जे वाटे ते घरात दुसरं काही करताना वाटत नसे. आणि आता ती नर्मदा एका सिंकवर येऊन अडली होती.

तिनं इकडंतिकडं पाहिलं. हाताशी आला तो तांदळाचा डबा. उंच, पत्र्याचा, भरलेला. तिनं तो ओढत नेऊन सिंकच्या बुडाखाली सरकवला, वर पाट घातला, आणि सिंक पुन्हा फरशीच्या जवळपास आलं. पडदा ओढला. झाकलं. अरुंधतीनं देवाला हात जोडले.

फक्त एक झालं. तांदूळ काढायचा तर डबा काढायला हवा, आणि डबा काढायचा तर सिंक खाली येणार. त्यामुळं वाबळ्यांच्या घरातला भात बंद झाला.

मग पोळ्या, मग भाकरी, मग दालबाफले, मग पुन्हा पोळ्या. अरुंधतीचे सासरे जयसिंगराव भाताशिवाय जेवण झालं असं न मानणारे. एके दिवशी ते ताटाकडं पाहत म्हणाले, "सूनबाई, मुलकात दुष्काळ पडला काय?"

"नाही, मामासाहेब."

"मग भात का रुसून राहिला आपल्यावर?"

द्वारकाबाई शेजारीच होत्या. त्या भाकरीवर लोणी ठेवत शांतपणे म्हणाल्या, "उन्हाळ्यात भात जडच पडतो. भाकरी खा." अरुंधतीला वाटलं, सुटले.

पण जयसिंगराव सुटू देणारे नव्हते. जेवण झाल्यावर द्वारकाबाई लवंडल्या तेव्हा ते स्वतः तांदूळ शोधायला स्वयंपाकघरात आले आणि पडद्याआड वाकले. ओट्याखालून त्यांचा आवाज आला, "अरेच्चा!" अरुंधतीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"मामासाहेब, आईसाहेबांना सांगू नका हो. माझी शाळा जाईल."

जयसिंगराव बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट लहान मुलाला पतंग सापडावा तसा चेहरा झाला होता.

"शाळा जाते कशी? सूनबाई, हा तर उलटा तंबू आहे!"

हे समजायला जयसिंगराव समजले पाहिजेत. त्यांचे वडील होळकरांच्या फरासखान्यात दरोगा, आणि वडिलांमागं हे. तंबू, राहुट्या, कनाती, शामियाने, सगळा पसारा त्यांच्या हुकमानं उभा राहायचा आणि हुकमानं उतरायचा. मग राज्यं गेली, तंबू गेले. मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि जयसिंगराव एका सरकारी भांडारात खुर्च्यांची शिरगणती करून निवृत्त झाले. फरासखान्यात दोरानं नीट ओढ घेतली की दरोगा एक बारीक शिट्टी देत असे, म्हणजे बाकीच्यांनी हात सोडावेत. खुर्च्या मोजताना शिट्टी द्यायची वेळ कधी आली नाही. घरातही तिला आता सगळे विसरले होते.

त्यांनी माळ्यावरची ट्रंक उतरवली. आत जुना सुती दोर होता, अंगठ्याएवढा जाड. ओट्याच्या दोन्ही बाजूंच्या विटांच्या भिंतीत, वरच्या फरशीला लागून, त्यांनी लाकडी खुंट्या ठोकल्या. या खुंटीवरून दोर सिंकच्या बुडाखालून त्या खुंटीला, तिकडून परत इकडं, अशी पाळण्यासारखी झोळी बांधली.

"ही गाठ बघून घ्या. हाथी ओढेल पण सुटायची नाही."

"हाथी नको मामासाहेब, आईसाहेबांची पातेली पुरेत."

तांदळाचा डबा मोकळा झाला. त्या संध्याकाळी घरात भात झाला आणि जयसिंगरावांनी तीनदा घेतला. सिंक झोळीत बसलं, पण पुरतं वर गेलं नाही. एक बोटभर फट राहिलीच. शिवाय या ओढाताणीत खालच्या पाइपाचा सांधा दुखावला आणि पाणी थेंबथेंब दोरावर गळू लागलं. अरुंधती रडकुंडीला आली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन तिनं पडदा सारला तर फट नाही! सिंक फरशीला असं चिकटलेलं, की गवंड्यानंही तसं बसवलं नव्हतं. जयसिंगरावांनी दोराला बोट लावलं, तो ताठ वाजला. त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे, मी विसरलोच की! दोर ओला झाला की आखडतो. पाऊस आला की आम्ही धावत जाऊन तंबूचे दोर ढिले करायचो, नाहीतर खुंटे उपटून यायचे. इथं आखडला तर सिंक वर!"

"म्हणजे गळतंय म्हणून टिकलंय?"

"हौ! गळू द्या. ही गळती म्हणजे लक्ष्मी समजा."

पाइपाखाली एक तसराळं ठेवलं गेलं. दोघांनी मिळून ठरवलं की शरदचंद्राला यातलं काही सांगायचं नाही. तो मनानं वाईट नव्हता, पण आईनं नुसतं डोळ्यांत पाहिलं की तो जन्मापासूनचं सगळं ओकून टाकायचा.

इथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते चैत्रगौरीमुळं.

द्वारकाबाईंकडचं चैत्रातलं हळदीकुंकू म्हणजे मोठं प्रस्थ. त्यातून या खेपेला जयसिंगरावांच्या थोरल्या बहीण, पलासियाच्या इंदिराबाई, मुद्दाम निरोप धाडून येणार होत्या. निरोप असा, की वहिनीनं म्हणे उभ्यानं रांधायला सुरुवात केली आहे, ते एकदा डोळ्यांनी बघायचंय. आत्याबाई येणार म्हटल्यावर शरदचंद्राला घरात काहीतरी सुधारावंसं वाटलं. अरुंधती शाळेत, जयसिंगराव फिरायला गेलेले, अशा मुहूर्तावर त्यानं ओट्याखाली ठिबकणारं पाणी पाहिलं. दोर पाहून तो म्हणाला, "बाबा पण ना, कुठंही काहीही बांधून ठेवतात." आणि त्यानं हरी मिस्त्रीला बोलावलं. हरीनं सांध्याला सुतळी गुंडाळली, सफेदा थापला, पान्यानं आवळलं.

"हो गयो काम, बाबूजी. अब एक बूंद नी टपकेगी."

आणि खरंच एक थेंब टपकेना. चांगलं काम झालं की कुणाचं तरी वाईट होतंच.

"तुम्ही गळती बंद केलीत?" अरुंधतीनं घरी आल्यावर नवऱ्याला विचारलं.

"मग! थँक्यू तरी म्हण."

अरुंधतीनं थँक्यू म्हटलं. बाहेर माळव्यातला चैत्र तापलेला, तासाभरात कपडे वाळत होते, तिथं दोर किती टिकणार! तिनं मनाशी ठरवलं की उद्यापासून आपणच दोराला पाणी घालायचं. पण सकाळी शाळेच्या घाईत पडद्याआड हात घालून पाहिला तर दोर आधीच ओलाचिंब. मामासाहेबांचं काम, असं समजून ती समाधानानं गेली. थोड्या वेळानं जयसिंगराव उठले, त्यांनीही दोर चाचपला. सूनबाई हुशार आहे हो, असं मनात म्हणून ते चहा प्यायले. रोज असंच चाललं. दोर ओला, सिंक वर, आणि ही दोघं एकमेकांवर खूश. उघड बोलायची सोय नव्हती, कारण द्वारकाबाई कायम आसपास असत.

हळदीकुंकवाच्या दिवशी अरुंधतीनं रजा घेतली. सकाळपासून धांदल उडाली. गौर बसली, आरास झाली, आंब्याची डाळ वाटली गेली, हरभरे भिजले. पन्हं मोठ्या पितळी पातेल्यात झालं. ते गार राहावं म्हणून द्वारकाबाईंनी सिंकमध्ये बोळा घालून पाणी भरलं आणि पातेलं त्यात ठेवून दिलं. त्या गौरीकडं वळल्या आणि सिंक पुन्हा हुंकारलं.

अरुंधतीनं पडदा सारला. दोर खडखडीत कोरडा होता. फट पडली होती, आणि बघता बघता वाढत होती. पुरुषमाणसांना बाहेर पिटाळायची वेळ झाली होती. शरदचंद्र आधीच सटकला होता. जयसिंगराव जोडे घालत होते, त्यांना तिनं स्वयंपाकघरात ओढून आणलं.

"मामासाहेब, आज पाणी घातलं नाहीत?"

"कुणी, मी? मी कुठं घालतो? तुम्हीच घालता ना?"

"मी एकदाही घातलं नाही! मला वाटलं, तुम्ही…"

"मग इतके दिवस कोण घालून राहिलं होतं?"

पण याचा विचार करायला वेळ नव्हता. दाराशी टांगा थांबला आणि इंदिराबाईंचा आवाज घरात आधी आला, त्या मागून आल्या. जयसिंगरावांनी ओसरीकडं पाहिलं. तिथून बाहेर पडायचं म्हणजे साऱ्या बायकांमधून जायचं. त्यांनी एक भरलेला तांब्या उचलला, धोतर सावरलं आणि ते ओट्याखाली शिरले.

"पडदा ओढा सूनबाई. तांब्या संपला की हात बाहेर काढीन, भरून द्या."

अरुंधती तिथंच पाय रोवून उभी राहिली असती, पण बाहेरून हाक आली. "सूनबाई, कुंकवाचं तबक आणा!" ती गेली. आणि ती तबक घेऊन बायकांमध्ये अडकलेली असतानाच इंदिराबाई उठल्या आणि म्हणाल्या, "चला वहिनी, दाखवा तुमचं ते उभं स्वयंपाकघर."

अरुंधती दारापर्यंत पोचली तेव्हा दोघी आत गेल्या होत्या. ती उंबऱ्यातच थांबली.

इंदिराबाईंनी ओट्यावरून बोट फिरवलं. नळ सोडून पाहिला, बंद केला. सिंकमध्ये वाकून पाहिलं.

"वहिनी, खरं सांगू? मला बाई पटत नाही. घरच्या लक्ष्मीनं हे असं दुकानदारासारखं काउंटरवर उभं राहायचं! आणि कशासाठी? तर सुनेला लवकर बाहेर पडता यावं म्हणून. माझं ऐका, काढून टाका. तुम्हालाही कुठं आवडतंय? दसऱ्याला तुम्हीच म्हणाला होतात."

त्या बोलत बोलत खिडकीशी गेल्या आणि मागचं अंगण न्याहाळू लागल्या. त्याच क्षणी ओट्याखालचा पडदा हलला. त्यातून एक हात बाहेर आला. हातात रिकामा तांब्या होता. तांब्या फरशीवर दोनदा हळूच आपटला.

अरुंधतीनं डोळे मिटले. संपलं सगळं. सिंक गेलं, शाळा गेली, नर्मदाही गेली. मग तिला नळाचा आवाज ऐकू आला, म्हणून तिनं डोळे उघडले.

द्वारकाबाई तांब्या भरत होत्या. चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. तांब्या भरला, त्यांनी नळ बंद केला, वाकल्या नाहीत, नुसता हात खाली करून तांब्या त्या हातात दिला आणि पडदा पायानं सारखा केला.

इंदिराबाई वळल्या. "पाणी कुणाला दिलंत?"

"ओट्याला. सिमेंट आहे, पाणी मारावं लागतं."

"अजून? दसऱ्याला केलात ना?"

"चांगल्या सिमेंटला जास्त दिवस लागतात, वन्सं."

सिमेंटातलं आपल्याला कळत नाही हे इंदिराबाई कशाला कबूल करतील! "हो, ते आहेच म्हणा," त्या म्हणाल्या.

हात पुन्हा बाहेर आला, द्वारकाबाईंनी तांब्या पुन्हा भरला, आणि या वेळी इंदिराबाईंना गौरीची आरास दाखवायला म्हणून दाराकडं वळवलं. वळवता वळवता त्या म्हणाल्या, "आणि काढून टाकायचं म्हणता, तर ते काही जमायचं नाही. सूनबाईंना शाळा आहे. साऱ्या तुकोगंजातल्या पोरी त्यांच्याकडं शिकतात. राहू दे आहे ते."

तेवढ्यात सिंकनं दगडाला टेकत एक समाधानाचा आवाज केला, आणि ओट्याखालून एक बारीक, लांब शिट्टी आली.

इंदिराबाई जागीच थबकल्या. "शिट्टी कुणी दिली?"

"नळ," द्वारकाबाई म्हणाल्या. "हवा भरते त्यात." पण हे म्हणताना त्यांनी तोंड फिरवलं, आणि अरुंधतीनं पाहिलं, सासूबाई हसत होत्या.

दिवेलागणीला बायका गेल्या. द्वारकाबाईंनी पडदा सारला. "या आता बाहेर, दरोगासाहेब." जयसिंगराव बाहेर आले. धोतर भिजलेलं, पाठ धरलेली, पण मान ताठ होती.

"आईसाहेब, तुम्हाला ठाऊक होतं?" अरुंधतीनं विचारलं.

"या घरातला तांदळाचा डबा हलला आणि मला कळलं नाही, असं वाटलं तुम्हाला? पहिल्याच दिवशी बघितलं मी."

"आणि पाणी? रोज तुम्हीच…"

"मग काय हरी मिस्त्री येत होता? ओल्या दोराच्या गोष्टी लग्नापासून ऐकत आलेय मी. आज गौरीच्या गडबडीत राहिलं."

"पण मग बोलला का नाहीत? अट तर तुमचीच होती."

द्वारकाबाई खुर्चीवर टेकल्या आणि त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "अट माझीच, म्हणून तर बोलता येईना. सगळ्यांदेखत बोलून बसले मी. तुम्ही शाळेत गेलात की दुपारपर्यंत तो ओटा कोण वापरतं? मीच ना? ते सिंक पडलं असतं तर मोरीवर बसायला मी होते. हे गुडघे घेऊन!" मग जयसिंगरावांकडं न बघता त्या म्हणाल्या, "आणि यांनी इतक्या वर्षांनी माळ्यावरची ट्रंक उतरवली होती. दोर काढून टाका म्हणायला जीभ रेटेना."

जयसिंगराव धोतर पिळत राहिले.

तेवढ्यात शरदचंद्र घरी आला. त्यानं बापाला आपादमस्तक पाहिलं. "बाबा, तुम्ही घरातच होतात? आणि भिजलात कसे?" तो वाकून ओट्याखाली पाहू लागला. "हे दोर अजून इथंच? मी उद्या लोखंडाचे टेके बसवून घेतो."

"काही नको!" तिघंही एकदम म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अरुंधती पर्स आणि वह्या सावरत निघाली. द्वारकाबाई अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी अर्धा तांब्या तुळशीला घातला आणि उरलेला घेऊन त्या आत वळल्या. अरुंधती पायरीवर घुटमळली.

"निघा तुम्ही, पोरी खोळंबल्या असतील," द्वारकाबाई म्हणाल्या. "दोराचं मी बघते."

आतून जयसिंगरावांचा आवाज आला, "गाठीवर नका घालू! दोरावर घाला!"

"इतके दिवस काय तुमच्या डोक्यावर घालत होते?"

अरुंधती फाटकाबाहेर पडली. ती कोपऱ्यावर पोचली नसेल, तोच घरातून शिट्टी ऐकू आली.